वैशालीचा एक शॉट

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या मेमरी कार्डात निम्मा माल असा असतो, की तो कुणाच्याच अल्बममध्ये जात नाही. नवरदेव जांभई देतो, व्याही जिलेबी खिशात घालतो. पुसवत नाही आणि दाखवताही येत नाही! आष्ट्याच्या त्या एका महिन्यात मात्र माझ्याकडं वेगळेच किस्से साठले.

मी मलकापूरचा. वीस वर्षं लग्नंच शूट करतो. गेल्या वर्षी एका संस्थेनं आष्ट्याला बोलावलं. आठ पोरापोरींनी करोनातल्या आपापल्या आठवणींची फिल्म करायची, कॅमेरा त्यांनीच धरायचा, मी फक्त बटणं शिकवायची. करोनात ही सगळी शाळेत होती. नियम दोनच. ज्याची गोष्ट, तो डायरेक्टर. आणि सहीशिवाय कुणाचं घर किंवा माणूस शूट करायचा नाही.

*

सोहेलचे अब्बा टेलर. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, शेरवानीचं जरीचं कापड पडून. त्यांनी त्याचे मास्क शिवले! सोहेलनं एक माझ्यासमोर धरला.

"अरे, हा घालणार कोण?"

"ज्याचं लगीन पुढं गेलंय त्यो, सर!"

पोरं खो खो हसली. मीही हसलो. त्या उन्हाळ्यात माझ्या सगळ्या ऑर्डरी गेल्या होत्या आणि मी हातगाडीवर भाजी विकत होतो. पहिल्यांदाच कुणाला तरी ते सांगितलं.

*

बिरा आटपाडीकडचा, मेंढपाळ धनगरांचा. शेरडं-मेंढरं घेऊन त्याची माणसं गावाकडं परतत होती आणि गावानं बाभळी टाकून रस्ता बंद केलेला.

"लोकांनी काटं बघितलं, आमच्या शेरडांनी पाला बघितला. सांजंपतूर सगळा साफ!"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी गावानं पुन्ना टाकल्या. आजी म्हणाली, गाव लय चांगलं हाय, चारा बी देतंय!"

ते गाव त्यांचं स्वतःचंच. चौदा दिवस माणसं वेशीबाहेर राहिली. आजीला तिथून आपल्या घराचं छप्पर दिसायचं. हे बिरानं कॅमेरा बंद झाल्यावर सांगितलं.

*

वैशालीनं आपली गोष्ट सगळ्यात शेवटी सांगितली. तिचे वडील संपत करोनात गेले. ताप आला, ॲम्ब्युलन्स आली, हातात पिशवी घेऊन ते आपल्या पायानं चालत गाडीत बसले. परत आलेच नाहीत. तिला फिल्ममध्ये तेवढं चालणंच घ्यायचं होतं. पण वडिलांचं काम कुणी करेना.

"गेलेल्या माणसाचं काम केलं तर आई घरात घ्यायची न्हाई," बिरा म्हणाला.

"सर, तुमी चाला," वैशाली म्हणाली.

वीस वर्षं मी कॅमेऱ्यामागं लपून पोट भरलंय. पण तिला नाही म्हणवेना.

*

खरी अडचण पुढंच होती. त्या दिवशी संपत गाडीकडं निघाले, तेव्हा शेजारच्या नामदेवकाकांनी त्यांना बघून खिडकी लावून घेतली होती. दोघं लहानपणापासूनचे दोस्त! वैशालीला ती खिडकी हवीच होती.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "शेजारी ऱ्हायचंय आपल्याला."

"मग फिल्म खोटी हुईल, आई."

सहीचा कागद घेऊन ती काकांच्या दारात गेली. मी मागं उभा.

"काका, त्या दिवशी तुमी खिडकी लावून घेतली. तेवढं दाखवायचं हाय."

काकांनी कागद वाचला. खाली बघतच सही केली. मग विचारलं, "लावायची कुणी?"

"तुमीच, काका."

*

शूटिंग सकाळी. ॲम्ब्युलन्स म्हणून दुधाचा टेम्पो. आई दारात, वैशाली कॅमेऱ्यामागं. मी पिशवी घेऊन निघालो. काका खिडकीत उभे. मी गाडीत बसलो, तरी खिडकी उघडीच.

"काका, लावायची," वैशालीनं आठवण केली.

"व्हय, व्हय."

दुसरा टेक. काकांनी खिडकीच्या दाराला हात लावला आणि हात तसाच राहिला.

तिसऱ्या टेकला मी खिडकीपाशी पोचलो, तेव्हा काकांनी गजांतून हात बाहेर काढून माझा दंड धरला. डोळे भरून आलेले. म्हणाले,

"संपा, बिनघोर जा रं. घराकडं मी बघतो."