चार, चौदा, चोवीस

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचे फोन घेण्यात तिची बारा वर्षं गेली. कुणाचा नळ कोरडा, कुणाच्या पाण्याला वास. राग मात्र सगळ्यांचा हिच्याच कानात. त्रेचाळिसाव्या वर्षी फलकावर सूचना लागली: आठवड्यातले चार दिवस संगणक विभागात शिकाऊ म्हणून काम, पाचवा दिवस कॉलेज, पगार चालू, तीन वर्षांनी पदवी. तिनं अर्ज भरला आणि आठवडाभर घरी ब्र काढला नाही. कळलं तेव्हा शिलाई मशीनवर बसलेला नवरा तोंडातली टाचणी काढून एवढंच म्हणाला, "आता डबा मी भरतो. मिठाचं मात्र मला विचारू नकोस."

काम शिकवणारी मॅडम तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. मॅडम तिला ताई म्हणायची, ही तिला मॅडम. मागे कुणी खुर्ची सरकवली तरी हिला वाटायचं, आता काहीतरी विचारणार आणि आपली फजिती होणार. अशी जीव मुठीत धरून दोन वर्षं निघाली.

तिसऱ्या वर्षी तिला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. पाणी बंद राहणार असेल, तर त्या प्रभागातल्या घरांना आपोआप संदेश पाठवणारा प्रोग्रॅम. पदवीच्या शेवटच्या परीक्षेत हेच दाखवायचं होतं. गुरुवारी मॅडमनं तपासून होकार दिला. पहिला संदेश शुक्रवारी दुपारी चारला जाणार होता, प्रभाग चारला.

शुक्रवार कॉलेजचा. तीनच्या तासाला सर फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले, "नुसता चार हा आकडा शोधलात, तर चौदाही सापडेल आणि चोवीसही."

तिनं नेमकं तेच केलं होतं, आणि चाचणी घेतली होती फक्त पहिल्या नऊ प्रभागांवर. बाहेर येऊन तिनं मॅडमला फोन लावला. तीनदा वाजला, उचलला नाही. बस मिळाली, पण प्रत्येक सिग्नलला अडली. धापा टाकत ती जिना चढली तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती आणि तक्रारींचे सगळे फोन एकदम खणखणत होते.

मॅडम बैठकीतून बाहेर येत होती.

"चूक माझी आहे," ती मॅडमला म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "तपासलं मीही होतं, ताई. आधी दुरुस्तीचा संदेश पाठवू. बाकी नंतर."

तो जायला वीस मिनिटं लागली. तोवर चौदात लोकांनी पिंपं भरली होती आणि एका दातांच्या डॉक्टरांनी पेशंट परत पाठवले होते. ते तावातावानं कार्यालयात आले. तिनं समोर उभं राहून ऐकून घेतलं, माफी मागितली.

सोमवारी कामाची डायरी भरायची होती. परीक्षकांपुढे तीच जाणार. तिनं चाचरत विचारलं, "हे लिहायलाच हवं का?"

"डायरी तुमची," मॅडम म्हणाली. "सही माझी."

तिनं चार पानं लिहिली. परीक्षेला पाच आठवडे होते. डबा रोज अर्धा परत जायचा. नवरा विचारायचा, "खारट झालं का?" ती नाही म्हणायची.

परीक्षकांनी नेमकी तीच पानं उघडली. "नऊच प्रभाग का घेतलेत?"

वेळ कमी होता, असं उत्तर तिनं घोकून ठेवलं होतं. तोंडून निघालं भलतंच. "चूक सापडेल अशी भीती वाटत होती. म्हणून फार खोलात गेले नाही."

परीक्षकांनी वर न बघता काहीतरी लिहिलं. आता संपलं, असं वाटून बाहेरच्या बाकावर ती कितीतरी वेळ बसून राहिली.

अकराव्या दिवशी निकाल लागला. दुसरा वर्ग. तिनं मॅडमला आपला बैठक क्रमांक दोनदा वाचायला लावला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनं नवं काम हातात दिलं. "दोन दिवसांत होईल?"

"नाही होणार," ती म्हणाली. "चार लागतील."

"पाच घ्या," मॅडम म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.