सरासरीचा खेळाडू

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद बोळ. सत्याऐंशी सालचा जानेवारी, नेब्रास्कातल्या एका कॉलेजच्या व्यायामशाळेचं तळघर. भिंतीतले वाफेचे नळ खडखडतायत, ओल्या मोज्यांचा वास कोंडलाय, आणि कोच मॅगिलच्या दारावर टाचण्यांनी टोचलेला एक कागद. यंदाच्या बेसबॉल संघाची अठ्ठावीस नावं. पोरं कागदावर तुटून पडलीयत. एकेक जण आपलं नाव शोधतो, शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालतो आणि शीळ घालत निघून जातो. हळूहळू बोळ रिकामा होतो. उरतो एकटा वेंडेल सेड्लाचेक. तो कागद तिसऱ्यांदा वाचतो. मग कोपरा उचलून मागची बाजूसुद्धा बघतो.

तीन वर्षं त्याचं नाव या यादीत न चुकता लागत आलं होतं. आता हे शेवटचं, चौथं वर्ष. कॉलेजच्या मैदानावर मात्र त्याला एकदाही उतरवलं नव्हतं. तो कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा, पण तीन मोसम तो बाकावरच बसला होता.

वडिलांशी त्याचा करार होता. एमिल सेड्लाचेक गावच्या धान्यकोठारावर गाड्या रिकाम्या करायचा. "चेंडू झेलून पोट भरत नाही," तो म्हणाला होता. "इंजिनिअरिंग घे. ते सांभाळून हवं तेवढं खेळ, मी येतो बघायला." वेंडेलनं शब्द पाळला. सरावाला आणि प्रयोगशाळेला एकच वेळ, दुपारी दोनची. म्हणून प्रयोग तो शनिवारी पहाटे एकटाच उरकायचा. मनगटाला बांधायच्या पांढऱ्या पट्टीवर सूत्रं लिहून ठेवायचा आणि दोन चेंडूंच्या मधे पाठ करायचा. पोरं त्याला 'प्रोफेसर' म्हणायची. वर्गात त्याचा पहिला नंबर होता.

एमिलनंही शब्द पाळला. घरच्या मैदानावर सामना असला की नव्वद मैल ट्रक हाकत यायचा, सोबत बायकोनं केलेल्या कोलाचांचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा डबा. सामना सुरू होण्याआधी कुंपणाशी उभा राहून विचारायचा, "आज?"

"आज नाही, पपा."

"अरे, बाकावर बसून बसून ढुंगण सपाट झालं असेल तुझं! असू दे. तीन वर्षं ठेवलंय म्हणजे त्या माणसानं तुझ्यात काहीतरी बघितलंय."

वेंडेलचीही तीच समजूत होती. म्हणून शेवटच्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यानं ठरवलं, आता माघार नाही. पहाटे पाचला जाळीत फलंदाजी, संध्याकाळी दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या दुसऱ्या टप्प्यावर, फेक. चेंडू टाकला जात असतानाच पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळणाऱ्याला बाद करणं ही कॅचरची खरी परीक्षा, आणि नोव्हेंबरपर्यंत त्याची फेक अशी सुटायला लागली की पहिल्या पसंतीचा कॅचर डीक म्हणाला, "प्रोफेसर, माझ्या पोटावर पाय आणतोस की काय!" इकडे दोन विषयांत A चं C झालं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. काहीतरी मिळवायचं तर काहीतरी जाणारच.

आणि आता हा कागद. त्यानं दार ठोठावलं.

"कोच, माझं नाव राहून गेलंय."

"राहिलेलं नाही." मॅगिल सँडविच खात होता. "बस. दोन C? तुला झालं काय?"

"सराव करत होतो. पण C म्हणजे पास आहे, कोच. डीकचे तर माझ्याहून कमी आहेत."

"डीक चेंडू कुंपणापार घालवतो." मॅगिलनं बोटं पुसली आणि तो जरा नरमाईनं बोलला, खाटीक कोकराशी बोलेल तसा. "हे बघ पोरा. सगळ्या संघाच्या गुणांची सरासरी चारपैकी अडीचच्या खाली गेली की कॉलेज आमच्या मैदानाला कुलूप लावतं. माझे चेंडू टाकणारे पिचर दीडवर आहेत. त्यांना वर ओढायला कुणीतरी चारवाला लागतो. तो तू होतास."

"म्हणजे तीन वर्षं..."

"तुला काय वाटलं होतं?"

वेंडेल खुर्चीतून उठला.

"मार्चमध्ये पुन्हा सरासरी काढतात," मॅगिल म्हणाला. "सगळीकडे A आण, नाव परत लिहितो. नाहीतर गणितवाला एक नवा पोरगा बघून ठेवलाय मी."

वेंडेलनं बोटांवर मार्चपर्यंतचे आठवडे मोजले. मग म्हणाला, "आणतो. पण मला एक इनिंग पाहिजे, नऊपैकी एकच. घरच्या मैदानावर. पपा आलेले असतील त्या दिवशी."

मॅगिल हसला. "सौदा करतोस? बरं. एक."

त्या दिवसापासून वेंडेलनं चेंडूला हात लावला नाही. खेळायला मिळावं म्हणून खेळणं सोडलं. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात मान घातली ती मार्चमध्येच वर काढली. सगळीकडे A. नाव परत लागलं. खांदा मात्र आखडला, नोव्हेंबरची ती फेक कुठल्या कुठे गेली.

एप्रिलच्या एका शनिवारी, अकरा धावांची आघाडी असताना, शेवटच्या इनिंगला मॅगिल न बघताच म्हणाला, "सेड्लाचेक, जा."

बाकावरून 'प्रोफेसर! प्रोफेसर!' असा गलका झाला. पोरं मनापासून ओरडत होती. प्रेक्षकांत एमिल उभा राहिला आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

समोरचा पहिलाच गडी पहिल्या बेसवर पोचला. वेंडेल मुखवट्याआडून त्याच्याकडे बघत राहिला. पळ, तो मनात म्हणत होता, एकदाच दुसऱ्या बेसकडे पळ. पण अकरा धावांनी हरणारा माणूस कशाला पळेल? तो हात कमरेवर ठेवून ढगांकडे बघत उभा होता. दुसरा बाद, तिसरा बाद, चौथ्यानं आकाशात चेंडू उडवला तो डाव्या कोपऱ्यात कुणीतरी झेलला. सात मिनिटं. वेंडेलला एकदाही फेक करावी लागली नाही.

परत येताना मॅगिल शेजारून गेला. "फिटलं," म्हणाला. "सोमवारचा पेपर बुडवू नकोस."

एमिल धावत कुंपणाशी आला. डोळे ओले, हातातला डबा उघडा, कोलाच गवतात पडलेले.

"बघितलं? मी काय म्हणत होतो? ओळखलं त्यानं तुला शेवटी! आत्ता काय म्हणाला रे, जाता जाता? सांग की, आईला सांगायचंय मला."

वेंडेल खाली वाकून पायाच्या ढालीचे पट्टे सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "म्हणाला, तुला आधीच उतरवायला हवं होतं."