ट्रकच्या पाठीवरची खोली

माझा धाकटा भाऊ जन्मभर शीतगृहं बांधत आला. मासे, लोणी, औषधं, जे म्हणून उन्हात नासतं ते सगळं त्याच्या खोल्यांत सुखाने नांदलं. लोक त्याला बर्फ्या म्हणतात आणि तो ओ देतो. त्याच्या कामात खोट नव्हती. फक्त शीतगृहाची यंत्रं नेमकी सुट्टीच्या दिवसांत बंद पडतात, आणि ती पडली की हा हातातलं ताट टाकून पळायचा. त्यामुळे माझ्या भावजयीने लग्न होऊन आल्यापासून गावाची वेस ओलांडली नाही असं म्हटलं, तरी ते फारसं खोटं ठरणार नाही.

तो निवृत्त झाला आणि त्याच सुमारास तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. नजर कडेकडेने मिटत चालली होती, नळीतून पाहावं तशी. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, काय पाहायचं असेल ते लवकर पाहून घ्या. तिला पाहायचं होतं ते तरी काय? वैराण. उंच पठारं, मिठाची तळी, जिथे रस्ता संपतो आणि मुक्कामाला छप्पर मिळत नाही असला मुलूख.

"मग भाड्याची जीप कर आणि नीघ," मी म्हटलं.

"आणि झोपायचं कुठे, ताई? धोंड्यावर?"

अग्निशमन दलाने मोडीत काढलेला एक ट्रक त्याने आणला, शेडमध्ये उभा केला आणि त्याच्या पाठीवर राहायची खोली बांधायला घेतली. निदान भावजयीने तरी त्याचे कान उपटावेत म्हणून मी तिच्याकडे गेले. ती भाजी निवडत होती, पानं डोळ्यांपाशी नेऊन.

"वन्सं, ह्यांनी जन्मभर माशांसाठी खोल्या बांधल्या. एक माझ्यासाठी बांधतायत, तर बांधू देत की."

मी तिच्याबरोबर भाजी निवडायला बसले.

खोली मात्र त्याने माशांचीच बांधली. फायबरच्या दोन पत्र्यांमध्ये वीतभर फोम, सांध्यात मुंगी शिरणार नाही, दार असं की लावलं की कानात दडे बसावेत. शीतगृहाचा धर्म एकच, भिंत केसभरही हलता कामा नये. म्हणून चारही कोपऱ्यांवर त्याने ती चासीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या लांबलचक लोखंडी सांगाड्याला, बोल्टांनी आवळून टाकली. मी अंगचा सगळा जोर लावून ढकलून पाहिली. हलली नाही. किल्ला सर केल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

चाचणीला आम्ही जुन्या दगडखाणीच्या वाटेवर गेलो. पुढचं एक चाक धोंड्यावर चढलं, मागचं खड्ड्यात उतरलं, आणि मागून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. खोलीचा एक कोपरा खालपासून छतापर्यंत उलला होता. दार पहारीने उघडावं लागलं.

घरी आल्यावर त्याने बुटांचं रिकामं खोकं घेतलं आणि दोन टोकं धरून धुणं पिळावं तसं पिळलं. ते कोपऱ्यात फाटलं.

"चासी अशी पिळते, ताई. पिळायलाच हवी, नाहीतर चाकं जमीन सोडतील. मी तिच्यावर न पिळणारी खोली आवळून बसवली."

"हे कुठल्याही ट्रकवाल्याने सांगितलं असतं."

"मी विचारलं कुठे?"

"आणि मासे काही प्रवासाला निघत नाहीत," भावजय आतून म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. ते शेवटचं हसणं.

इलाज होता. खोली पुढे दोन जागी धरायची, मागे एकाच जाड खिळीवर डुलती ठेवायची, म्हणजे खाली काहीही पिळो, वरचं सरळ राहतं. सांगायला सोपं. सगळं उतरवावं लागलं. उललेल्या भिंतीत पाणी मुरून फोम कुजला होता, तो फेकला. दुसरी खोली उभी राहिली. दोघं नवराबायको शेडमध्येच तिच्यात झोपून पाहायला गेली, तर सकाळी भिंती घामेजलेल्या आणि गादी ओलीचिंब. मेलेल्या माशांना श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे हवा खेळायला जागा ठेवायची हे त्याला सुचलंच नव्हतं. पुन्हा छत काढलं.

तोवर ती कपाशेजारी चहा ओतू लागली होती. मग मला पावलांवरून ओळखू लागली.

"अरे, खड्ड्यात घाल तो ट्रक. तिला आधी नेऊन आण," मी जाईन तेव्हा ओरडायची.

"एवढं छत होऊ दे."

छत झालं की दार, दार झालं की पाण्याची टाकी. तिने एकदाही त्याला घाई कर म्हटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ट्रक पुरा झाला तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तरी निघालो, मीही सोबत. पठारावर पोहोचलो. खोली कुठे कुरकुरलीसुद्धा नाही, हे कबूल केलं पाहिजे. ट्रक थांबला. आम्ही तिघं पुढच्या बाकावर, ती मध्ये.

"समोर काय आहे?" तिने विचारलं.

"डोंगर."

"कसा?"

बर्फ्याने विचार केला. "मोठा."

"त्याच्यापुढे?"

"आणखी एक."

मला राहवेना. "अगं, त्याच्या कडेवर ऊन असं—"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही नका, वन्सं. तुम्ही छान सांगाल. मला ह्यांच्याकडून ऐकायचंय."

तो काचेबाहेर बघत राहिला. शेवटी खाली उतरला, चाकांना लाथा मारून हवा बघितली, पुन्हा चढून बसला.

"वारा गार आहे," तो म्हणाला.

"ते कळतंय मला." ती म्हणाली, "परतू या आपण."

मी तिला मागे खोलीत नेऊन निजवलं आणि त्याने ट्रक वळवला. घरी पोहोचल्यावर, तिला हात धरून उतरवताना, त्याने विचारलं, "मागे खोलीत त्रास नाही ना झाला? हलली-बिलली?"

"छे. अगदी घरात असल्यासारखं वाटलं."

बर्फ्या खूश झाला. मी माझी पिशवी उचलली आणि चालू लागले.