आत्याने वाचलेली यादी

आमच्या आत्याला सगळी शाळा ‘तिजोरी’ म्हणायची. बावीस वर्षं त्या कॅथलिक हायस्कूलचा आर्थिक कारभार तिच्याच हातात होता. खडूचं खोकंसुद्धा तिच्या सहीशिवाय हलत नसे. थकलेल्या फीची वही मात्र ती कुणाला दाखवायची नाही. आईबापांना ऑफिसात बोलावून गुपचूप हप्ते बांधून द्यायची. पोरांना पत्ताही लागत नसे.

मग नवे प्रिन्सिपल फादर आले. म्हणाले, “उद्या प्रार्थनेनंतर फी थकलेल्या मुलांची नावं स्टेजवरून वाचा. लाज वाटली की पैसे येतात.”

“पोरांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

“माझा हुकूम आहे.”

“बरं,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला फादरांनी बोलावलेले शाळेचे ट्रस्टी पहिल्या रांगेत बसले होते. आत्याने चष्मा लावला, माइक ओढला आणि यादी वाचायला लागली. प्रयोगशाळेसाठी देणगी जाहीर करून, टाळ्या घेऊन, पुढे दमडीही न दिलेल्या ट्रस्टींची यादी. नाव, रक्कम, तारीख. पहिल्या रांगेतल्या माना एकेक करून खाली गेल्या.

फादर दातओठ खात तिच्याजवळ आले. “हे काय चालवलंय?”

“लाज वाटली की पैसे येतात म्हणालात ना? ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर करून बघतेय.”

शनिवारपर्यंत नऊ चेक आले. सोमवारी फादरांनी तिचा राजीनामा मागितला.

“देते की,” आत्या मान वर न करता म्हणाली. “आधी या पावत्या फाडून होऊ देत.”