बाईंनी पैरा फेडला होता

बाईंचा उजवा हात माझ्या बापानं मोडला.

हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्याच्या अर्धा मिनिट आधी मी काय बोलले, ते आज दुपारपर्यंत गावाला माहीत नव्हतं. बाईंनी कधी सांगितलं नाही.

आज सकाळी फाट्यावर पहिल्या एसटीची वाट बघत असताना एका डंपरनं बाईंना उडवलं. जागेवर गेल्या. मी पोचले तेव्हा रस्ताभर भेंड्या चिरडल्या होत्या आणि गाड्या त्यांच्यावरूनच जात होत्या.

शिवाजी पेठेतल्या मित्रमैत्रिणींनो, डाव्या हातानं तराजू धरणाऱ्या भाजीवाल्या बाई तुम्हाला आठवतील. त्या माझ्या जयश्रीबाई.

बी.एस्सी. झालेल्या. नवऱ्यानं सोडल्यावर माहेरच्यांनी कोडोलीच्या अलीकडं आठ गुंठे रान दिलं. सकाळी भाजीचा तोडा, मग पेठेत विक्री, चार वाजता गणित-विज्ञानाचा क्लास. फळा दोडक्याच्या मांडवाला बांधलेला.

"दोन्ही कामं एकच आहेत," म्हणायच्या. "रोज वाकून बघावं लागतं."

मी दहावीत होते. बापानं, आबांनी, माझा क्लास बंद केला होता. दहावी झाली की लग्न, मग क्लास कशाला?

आईनं वाट काढली. पैरा.

आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. आठवड्यातला एक दिवस आई बाईंच्या रानात खुरपायला जायची, मला बरोबर घेऊन. बदल्यात बाई मला शिकवायच्या. आबांना आईनं एवढंच सांगितलं होतं, की बाईंशी पैरा केलाय.

इथंच आमचं चुकलं. पैरा म्हटल्यावर माणूस परतफेडीची वाट बघतोच.

भाताची कापणी आली. आबांनी चारचौघांत सांगितलं, की उद्या बाई येणार आमचा पैरा फेडायला. बाईंना याचा पत्ताच नव्हता. त्या आल्या नाहीत. शेजारच्या रानातनं कुणीतरी आबांना विचारलं, बायको फुकट राबती व्हय रं?

कापणी उरकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आबा बाईंच्या रानात आले. आई आणि मी भेंडी तोडत होतो.

"चार महिनं माझी बायको राबवून घेतलीस. पैरा कोण फेडायचा?"

"फेडलाय की," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोरीलाच विचारा."

आबा माझ्याकडं वळले. "काय दिलंय गं हिनं तुला?"

माझी वही हातातल्या बुट्टीत होती. भेंडीच्या खाली, तळाशी.

"काय न्हाई, आबा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. बुट्टी उलटी केली असती तर त्या खऱ्या ठरल्या असत्या. आणि मार मला बसला असता.

त्यांनी बुट्टीला हात लावला नाही.

आबांनी मांडवाचा बांबू उपसला. मांडव खाली आला, फळा फुटला.

पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, बाईंनी उजवा हात वर केला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडताना येतो तसा आवाज आला.

तिसरा, चौथा आणि पाचवा त्या खाली पडल्यावर.

आईनं आबांचे पाय धरले. त्यांनी तिला लाथेनं सरीत ढकललं. तिचा दात पडला.

मी बुट्टी छातीशी धरून उभी होते.

बाईंनी केस केली. मिटवायला आलेल्या मंडळींना म्हणाल्या, "हात माझा मोडलाय, आणि मिटवणार तुम्ही?"

पोलिसांना मात्र सांगितलं, पोरगी तिथं नव्हती. बापाविरुद्ध जबाब द्यायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून.

आबा आत गेले. आई मला उघड उघड क्लासला सोडू लागली. बाई तेव्हा डाव्या हातानं लिहायला शिकत होत्या. फळ्यावरचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं यायचं. पोरं हसली की त्याही हसायच्या.

एकदा मी माफी मागायला गेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"आधी ग्रॅज्युएट हो. मग मला नको, गावाला सांग."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिला दोन वर्षं झाली. मी गावाला सांगितलं नाही.

आबा सुटून आल्यापासून सांगत फिरत होते, की बाईनं पैरा बुडवला. माझ्या एका "न्हाई"वर आबांनी विश्वास ठेवला, आणि आबांवर गावानं. बाईंच्या रानात कुणी पैऱ्याला येईना. आठ गुंठे त्या एका हातानं ओढत राहिल्या.

आज दुपारी त्यांच्या अंगणात तिरडी बांधत होते. मागं कुणीतरी पुटपुटलं, अजून किती जणांचा पैरा ठेवून गेली कुणास ठाऊक. दोघं-तिघं हसले. आबा दाराशी तंबाखू मळत होते. तेही हसले.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आबा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, बाईंनी काय दिलं. बाई मला शिकवत होत्या. वही बुट्टीत होती. मी खोटं बोलले."

आबांनी धावत येऊन तोंडात मारली. ओठ फुटलाय. असू दे.

त्यांनी पुन्हा हात उचलला, तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी सांगतो," आई गावाकडं बघत म्हणाली. "मीच केलता पैरा. पोरगी शिकली त्यात फिटला. आता कोण हसतंय, पुढं या."

कुणी पुढं आलं नाही. तिरडी उचलायला मात्र सगळे आले. आबा सोडून.

तुम्ही दोन वर्षं दिली होती बाई, तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्हाला ऐकू जाईल असं.

भेंडी एक दिवस ठेवली तर निबर होते. उद्याचा तोडा मी करते. चार वाजता क्लास होणार आहे, दहावीच्या पालकांनी पोरांना पाठवा. मुलींनो, वही हातात घेऊन या. बुट्टीत नको.

जयश्रीबाई, माफ करा. निरोप घेते.