डीसेंट सोसायटीतले बोंबील

डीसेंट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेत. माझ्या स्कर्टची लांबी बघून बाई म्हणाल्या, "असं डीसेंट राहावं." म्हणजे गुडघे झाकून. पुढे ठाण्यातल्या नोकरीत पगार डीसेंट होता, म्हणजे मिरवण्यासारखा नव्हता आणि रडण्यासारखाही नव्हता. मला वाटलं, शब्द कळला.

माजिवड्याचा फ्लॅट बघताना एजंटने विचारलं, "फॅमिली डीसेंट ना, मॅडम?" नवरा हो म्हणाला. एजंट आवाज खाली आणून म्हणाला, "नाही म्हणजे, मच्छीबिच्छी...?" मी चटकन म्हटलं, "छे छे." त्या वेळी माझी आई खाडीकाठच्या गावाहून मासळीची पाटी घेऊन रोज बाजारात बसत होती. त्या पाटीवर मी बी.कॉम. झालेली.

त्यानंतर आमच्याकडे सुके बोंबील भाजायचे ते खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून. आई यायची म्हटली की मी फोनवर सांगायचे, "येताना काही आणू नकोस गं." ती आणायची नाही. राहायचीही नाही. हे मी आजवर कुणाशी बोलले नाही.

यंदा तिचे गुडघे गेले, म्हणून तिला कायमची घेऊन आले. आठवडाभरातच तिने खिडकी सताड उघडून तव्यावर बोंबील टाकले. बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी.

"ताई, वास येतोय हो. आपली सोसायटी डीसेंट आहे."

आत आईने गॅस बंद केला. "बाय, मी जाते घरा. तुज्या घरान माजा वास नको."

"बघा, आजींनाही पटतंय," सेक्रेटरी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तिला पटलेलं नाही, तिला लागलंय. आई आहे ती माझी. मी कोळ्यांची मुलगी. फ्लॅट घेताना खोटं बोलले त्याची लाज वाटते, बोंबलांची नाही."

"अहो, हळू बोला जरा..."

"का? मागच्या रविवारी हॉटेलात आमच्या शेजारच्या टेबलावर सुरमईचं ताट चाटूनपुसून खाल्लंत, तेव्हा डीसेंटच होतात ना? आई इथेच राहील. सुकंही भाजेल. मीटिंग घ्यायची तर घ्या."

ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.

"अगो, येवरा कशाला बोललीस?" आई म्हणाली. "हितंच रवाचं हाय ना आपल्याला."

मी गॅस पेटवला.