यजमानांचा शेवटचा क्रमांक

आपल्या देशात ती मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा महिला हँडबॉल संघात मी गोलकीपर होते. यजमान देश म्हणून आम्हाला थेट प्रवेश मिळाला होता, पात्रता फेरी खेळावी लागली नाही. केवढं तुमचं नशीब, असं शिबिरात रोज ऐकवलं जायचं. पण पात्रता फेरी खेळलो असतो तर दुसरे देश कसे खेळतात ते आधीच कळलं असतं ना!

मी शिरपूरच्या पलीकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. हँडबॉल शिकले ते जळगावला, कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर. गोल अडवताना कोपरं सोलून निघायची. शिबिरात लाकडी फरशीचा झकपक हॉल पाहिला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी बूट काढून त्यावर चालून पाहिलं होतं.

पण त्या फरशीनंच आमचा घात केला. या खेळात जगभर बोटांना राळेसारखा चिकट लेप लावतात, आम्ही त्याला नुसतं चिकट म्हणायचो. त्यामुळे चेंडू एका हातात पक्का बसतो, जोरात फेकता येतो, वळवता येतो. आमच्या कर्णधारानं पहिल्याच आठवड्यात चिकट मागितलं. ती हरियाणाची, तोंडावर बोलणारी. हॉलचे व्यवस्थापक म्हणाले, "फरशी खराब होईल. स्पर्धेच्या उद्घाटनापर्यंत तिला डाग पडता कामा नये."

"मग आम्ही सराव कसा करायचा?" तिनं विचारलं.

"कोरड्या हातानं करा. खेळ तोच आहे."

खेळ तोच नव्हता. पहिल्या सामन्यात समोरच्या मुली एका हातानं असे गोळे डागत होत्या, की मला चेंडू दिसायच्या आधी जाळं हलायचं. आमच्या मुलींनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा चिकट लावलेला चेंडू हातात घेतला. पास द्यायला जावं तर तो बोटांनाच अडकून पायाशी पडायचा. गॅलरीत आपलेच लोक, तिरंगे घेऊन आलेले. आधी आमच्या नावानं ओरडत होते, नंतर हसायला लागले. ते हसणं मी विसरलेले नाही.

सामना संपल्यावर संघटनेचे एक पदाधिकारी ड्रेसिंग रूममध्ये आले. "यजमानांची लाज घालवलीत," म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आम्ही चिकट मागितलं होतं."

"हरल्यावर सगळ्यांना कारणं सुचतात." एवढं बोलून ते पाहुण्यांबरोबर जेवायला निघून गेले.

आम्हाला मदत कुणी केली? समोरच्या संघाच्या गोलकीपरनं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिनं आमचे हात पाहिले, स्वतःच्या बॅगेतून चिकटाचा अर्धा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मग पार्किंगच्या मोकळ्या जागेत, गाड्या चुकवत, आम्ही सराव केला. पुढचे सामनेही हरलो, पण दर वेळी थोडे कमी. शेवटून पहिलं कोण, हे ठरवणारा अखेरचा सामना आम्ही एका गोलनं हरलो. त्या दिवशी मी असे चेंडू अडवले, की समोरची कर्णधार डोक्याला हात लावून उभी राहिली. आमचा एकही पदाधिकारी हॉलमध्ये नव्हता. समारोपाच्या तयारीत होते म्हणे सगळे.

परत आल्यावर जळगावला सत्कार ठेवला होता. आबा, माझे वडील, गावाहून धुवट कपडे घालून आले. दारातच माझा भलामोठा फोटो आणि खाली 'पदकविजेती सुकन्या'! मी आयोजकांना गाठलं. "भाऊ, आमचा शेवटचा नंबर आला."

"ताई, आता छापून झालंय. एवढ्या गर्दीत कोण बघतंय?"

"मी बघतेय!"

ते हसले आणि हारतुऱ्यांकडे वळले. स्टेजवरही तेच, पदक, पदक, पदक. मी माईक हातात घेतला. "मला पदक मिळालेलं नाही. आम्ही शेवटचे आलो. का आलो, ते ऐका—" तेवढ्यात माईक बंद झाला आणि देशभक्तीचं गाणं सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, देव जाणे.

आबा उठून स्टेजच्या पायऱ्यांशी आले. "चाल घर," म्हणाले. "हारनी ते हारनी. आम्हीन बठ्ठास्नी देखं. खोटं कसाले बोलानं?" गावात सगळ्यांनी मोबाइलवर तो शेवटचा सामना पाहिला होता. हार, शाल तिथंच खुर्चीवर ठेवून आम्ही एसटी स्टँडवर आलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात पुन्हा तेच, पदकविजेती. मी ऑफिसात फोन केला. "कुणाची तक्रार आलेली नाही," पलीकडून उत्तर आलं. "मीच करतेय की!" म्हटलं. दुरुस्ती काही छापली नाही.

आता मी धुळ्याला एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मागच्याच महिन्यात एका बक्षीस समारंभात निवेदकानं माझी ओळख पदकविजेती म्हणून करून दिली. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की आमचा शेवटचा क्रमांक आला होता.

"मॅडम फार नम्र आहेत," निवेदक म्हणाला आणि सभागृह कौतुकानं हसलं.

नम्र! रागानं माझे कान तापले होते.